सतराव्या जागेचा पाणढेकूण

केतकीने जलवाचक, म्हणजे पाण्यातले जीव ओळखणारं तिचं यंत्र, पाण्यात सोडलं तेव्हा माझी सकाळची माळ संपायची होती. माळ होईपर्यंत मी बोलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे तीच बोलत होती. पाहुण्यांशी इंग्रजीत, गावकऱ्यांशी स्वाहिलीत, आणि मधूनच माझ्याकडे वळून मराठीत.

"अकरा मिनिटं, मावशी. तू अख्खा मोसम चिखलात बसून जे केलंस, ते अकरा मिनिटांत."

टांझानियाच्या दक्षिणेकडे डोंगर उतरून आलं की किटोपे नावाचं पाणथळ लागतं. गुडघाभर पाणी, त्यावर नजर पोचेल तिथवर तरंगतं गवत, आणि कोरड्या महिन्यांतही न आटणारे झरे. २०११ साली मी इथे जाळं खांद्यावर टाकून फिरले होते. आता तीस वर्षांनी, बासष्टाव्या वर्षी, मानाची पाहुणी म्हणून आले होते. काठावर माझ्यासाठी खुर्ची मांडली होती.

यंत्राच्या पडद्यावर नावं उतरू लागली. एकूण दोनशे बारा. मासे, बेडूक, गोगलगाई, शेवाळं. चौतिसाव्या नावावर केतकीने मुद्दाम बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "साधा आफ्रिकी पाणढेकूण. ओळख पटवणाऱ्या तज्ज्ञ, डॉ. वैजयंती केळुसकर, पुणे, २०११."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बोटांतला मणी पुढे सरकेना.

तीन दिवसांनी गावात जनसुनावणी होती. नियम साधा होता. एखाद्या पाण्यात सापडलेला प्रत्येक जीव दुसरीकडेही सापडत असेल, तर ते पाणी 'सामान्य' ठरतं आणि त्याचं काहीही करता येतं. किटोपेचं काय करायचं ते ठरलेलंच होतं. हायड्रोजन बनवणाऱ्या एका कंपनीला गोडं पाणी हवं होतं. बांध घालून इथे चौदा मीटर खोल तलाव व्हायचा होता. जलवाचकाच्या यादीखाली एका तज्ज्ञाची सही लागायची, आणि ती तज्ज्ञ मी होते. सही करायला नाही म्हणण्यासारखं कारण माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

*

आधी पाणढेकणाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आपल्या गादीतल्या ढेकणाच्या कुळातला हा पाण्यात राहणारा भाऊबंद. बदामाएवढा, चपटा, तपकिरी. याची मादी अंडी घालते ती नराच्या पाठीवर. साठ, सत्तर, कधी शंभर अंडी ती त्याच्या पाठीला चिकटवून निघून जाते आणि बाप ती दोन आठवडे वाहतो. पंख अंड्यांखाली दबलेले, त्यामुळे त्याला उडता येत नाही. अंडी पाण्याखालीच राहिली तर गुदमरतात, बाहेरच राहिली तर सुकतात. म्हणून बाप पाण्याच्या वरच्या थरात राहून त्यांना वारा आणि ओल दोन्ही देत बसतो. एवढं करून बाहेरून बघाल तर याच्या पाच-सहा जाती अगदी सारख्या दिसतात. खरा फरक नराच्या शेपटाच्या टोकात लपलेल्या दोन बारीक, हुकासारख्या आकड्यांत असतो. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरच जात सांगता येते. मादीवरून सांगता येत नाही.

आणि आम्ही ते आकडे पाहायचो मेलेल्या नरात.

माझा चातुर्मासाचा नेम आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत मी जीव मारत नाही. बाविसाव्या वर्षी घेतला, आजतागायत मोडला नाही. कीटकशास्त्रात काम करणाऱ्या बाईने असला नेम घ्यावा याची खात्यात फार थट्टा व्हायची. "केळुसकरबाई आठ महिने यम आणि चार महिने यशोदा," असं आमचे एक सर म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचे. आठ महिन्यांत काम उरकत होतं.

२०११ सालचं काम मात्र उरकलं नाही. सतरा पाणथळं होती. चातुर्मासात मी सगळीकडे जाळं टाकलं, मोजलं, फोटो काढले, सोडून दिलं. कार्तिकी झाल्यावर पुन्हा एकेका ठिकाणी जाऊन नर घ्यायचे असं ठरवलं होतं. सोळा ठिकाणी तसं केलं. सतरावं किटोपे. इथला रस्ता त्या वर्षी पावसाने लवकर तोडला. माझ्याकडे इथले दोनच किडे होते, मासे धरायच्या सापळ्यात आपोआप मेलेले. दोन्ही माद्या.

रजिस्टरमध्ये तिसरा रकाना होता, 'नर तपासला का?' सोळा ओळींत मी 'हो' लिहिलं होतं. सतराव्या ओळीत 'नाही' लिहायला हवं होतं. 'नाही' लिहिलं असतं तर का नाही, हे विचारलं गेलं असतं, आणि परदेशातल्या मोठ्या माणसांसमोर माझा नेम चावडीवर आला असता. मी पेन टेकवलं आणि वरच्यासारखंच म्हणून दोन छोट्या रेघा ओढल्या. लोक किराण्याच्या यादीत ओढतात तशा.

नेमाने मला खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या हुशारीने केलं.

पुढे त्या दोन माद्यांच्या पायाचे तुकडे डीएनए वाचायला गेले आणि त्या डीएनएची अक्षरं माझ्या नावानिशी जगभरच्या डीएनए-ग्रंथालयात जाऊन बसली. मी नेम पाळत राहिले, रोजची पूजा करत राहिले, आणि त्या दोन रेघांकडे पुन्हा पाहिलं नाही.

*

दुपारी केतकी मला होडीतून फिरवायला घेऊन गेली. होडी म्झे सालेहेंची. म्झे म्हणजे वडीलधारे. वय ऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, पण वल्ह्याचा हात पक्का. इकडे मोठ्या माणसाला भेटल्यावर 'शिकामू' म्हणायचं असतं, पायावर डोकं ठेवल्यासारखं. मी म्हटलं. त्यांनी 'मराहाबा' म्हणून आशीर्वाद दिला आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"अरे! ही तर सोडून देणारी बाई!" ते म्हणाले.

"कोण?" केतकीने विचारलं.

"हीच. मी तेव्हा हिची होडी चालवायचो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत किडे पकडायची आणि मोजून परत पाण्यात. माझी बायको म्हणायची, ही हिंदी बाई बोटभर किड्यासाठी समुद्र ओलांडून आली आणि त्यालाही जेवायला बसवून परत पाठवते!" ते खोकत हसले. "एकही नेला नाही हिने. फक्त माझ्या सापळ्यात मेलेले दोन मागून नेले. बायका होत्या दोन्ही. मीच सांगितलं तिला."

मी पाण्याकडे पाहत राहिले. केतकी हसत होती, ती हळूहळू हसायची थांबली.

केतकी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात सूक्ष्मदर्शकाशेजारी तिचं अभ्यासाचं टेबल मांडायला कुणाची परवानगी लागली नाही. दहाव्या वर्षी ती मला नर आणि मादी वेगळे काढून देत असे. मादीवरून जात सांगता येत नाही, हे तिला मीच शिकवलं होतं.

"म्झे," मी विचारलं, "इथला अंडी वाहणारा बाप आणि नदीवरचा वाहणारा बाप एकच ना?"

"एक कसा असेल?" त्यांना माझी कीवच आली. "नदीवरचा खालीवर करतो, जोर काढणाऱ्या पोरांसारखा. आमचा असा नाही. या, दाखवतो."

त्यांनी होडी तरंगत्या गवताच्या कडेला लावली. गवताचं उतरतं पातं अर्धं पाण्यात, अर्धं वर. त्यावर एक नर बसला होता, पाठीवर मोत्यांसारखी अंडी. पाण्याची रेघ बरोब्बर त्याच्या पाठीच्या मधून गेली होती. अर्धी अंडी वाऱ्यात, अर्धी पाण्यात. आम्ही पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने तो सावकाश उलटा फिरला आणि ओली बाजू वर, कोरडी खाली झाली. पुन्हा स्तब्ध.

मी तीस वर्षं पाणढेकणांवर लिहिलं आहे. हे कधी पाहिलं नव्हतं.

"चौदा मीटर पाण्यात हा बसणार कशावर?" मी केतकीला मराठीत विचारलं.



*

आमच्या मुक्कामाच्या तळावर फ्रीज होता. पुष्कळ वर्षांनी एका परिषदेत मी एक युक्ती शिकले होते, ती २०११ साली मला माहीत नव्हती आणि तेव्हा इथे बर्फही नव्हता. जिवंत नराला बर्फावर ठेवलं की तो गुंगतो. मग बारीक सुईने शेपटाचं टोक हलकेच दाबलं की ते दोन आकडे बाहेर येतात. पाहून घ्यायचं आणि उन्हात ठेवून जागं करायचं. ही युक्ती शिकल्यावर मी किटोपेला परत यायला हवं होतं. आले नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवर अंडी नसलेले तीन नर म्झेंनी आणून दिले. साध्या पाणढेकणाचा आकडा कोयत्यासारखा वळलेला असतो. या तिघांचाही आकडा टोकाला दुभंगलेला होता, सापाच्या जिभेसारखा.

मी भिंगातून डोळा काढला आणि केतकीला म्हटलं, "बघ."

तिने पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग तिन्ही नर उन्हात नेऊन ठेवले आणि माझ्यासाठी उकडलेली रताळी ताटलीत घेऊन आली. वद्य एकादशी होती, हे तिच्या लक्षात होतं.

"मीठ सैंधव आहे," ती म्हणाली. आणि मग, "किती जणांना माहीत आहे?"

"तुला, मला. आणि म्झेंना, पण त्यांना ते नेहमीच माहीत होतं."

"मावशी, मी काय सांगते ते ऐक, मध्ये बोलू नकोस. जलवाचक पाण्यातलं डीएनए वाचतो. किडा कात टाकतो, विष्ठा टाकतो, त्यातलं. सहाशे अठ्ठावन्न अक्षरांचा तुकडा. तो तुकडा ग्रंथालयातल्या तुकड्यांशी जुळवून बघतो आणि नाव सांगतो. पण दोन भावांचीही अक्षरं थोडी वेगळी असतातच. मग किती वेगळी असली तर तीच जात म्हणायची? हे त्याला शिकवावं लागतं. मी त्याला तुझ्या रजिस्टरवरून शिकवलं."

"हं."

"तुझ्या सोळा जागांच्या किड्यांत दोन-तीन अक्षरांचा फरक. सतराव्या जागेच्या किड्यात एकवीस अक्षरांचा. एखाद्या शिकाऊ माणसाने ओळखलेलं असतं तर मशीनने चूक म्हणून फेकलं असतं. पण ओळख तुझी होती. मग मशीन काय शिकलं? की या कुळात एकवीस अक्षरांचा फरक चालतो." तिने रताळ्याची साल काढून माझ्यापुढे फोड ठेवली. "त्या एका ओळीवर मी सगळ्या पाण्यातल्या ढेकणांची मोजपट्टी बसवली. एक्केचाळीस पाणथळांना त्या मोजपट्टीने 'सामान्य' म्हटलंय. तुला कळतंय मी काय बोलतेय?"

"आणि मशीनला शंका आली तर? 'माहीत नाही' म्हणत नाही ते?"

"आधी म्हणायचं. लोकांना नाही आवडायचं. घेणारा म्हणतो, मशीन कशाला घेतलं मग? म्हणून जवळात जवळचं नाव सांगायला लावलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "तूही तेच केलंस की."

हे तिने रागाने म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं.

"सुनावणी होऊ दे," ती म्हणाली. "तू सही कर. परत गेलो की मी शांतपणे मोजपट्टी दुरुस्त करते. एकेक जागा पुन्हा तपासते. कुणाला कळणारही नाही. तुझं नाव राहील, माझं मशीन राहील."

"आणि किटोपे?"

तिने ताटली माझ्याकडे सरकवली.

"दुरुस्तीनंतर कुठल्या पाण्यात बघशील ग त्याला?"

"एका किड्यासाठी, मावशी?" आता तिचा आवाज चढला. "म्झेंच्या सुनेला विचार जाऊन. तिला बांध हवाय. बांधाबरोबर रस्ता येणार आहे, दवाखाना जवळ येणार आहे. तू चार दिवसांनी पुण्याला जाऊन तुळशीला पाणी घालशील."

"रस्ता हवाच. रस्त्याला चौदा मीटर पाणी लागत नाही."

"मग एक नर मार! बाटलीत घाल. नवी जात म्हणून रीतसर मांड. कायद्याला मेलेला नमुना लागतो, सांगते तुला. तुझा नेम आहे म्हणून तेही करणार नाहीस. मग सुनावणीत उभी राहून करणार काय आहेस तू? जप?"

मी उठून ताटली विसळली. कार्तिकी साडेतीन महिन्यांवर होती आणि सुनावणी परवा. तो नेम मी हवा तसा वाकवू शकले असते. देव काही रजिस्टर घेऊन बसलेला नसतो. पण माझ्या लक्षात आलं होतं की मेलेला नर मांडणं हीसुद्धा पुन्हा तीच हुशारी झाली असती. किडा पुढे करायचा आणि आपण त्याच्यामागे लपायचं.

"जे खरं ते सांगणार आहे," मी म्हटलं.

"मला बुडवून?"

"तुला मीच पोहायला शिकवलंय."

तिला हसू आलं नाही. मलाही नाही आलं.

*

सुनावणी शाळेच्या पटांगणात, आंब्याच्या सावलीत होती. जिल्ह्याच्या अधिकारी किमारोबाई मधे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, कपाळावर आठी. कंपनीचे वकील मासावे त्यांच्या डावीकडे. देखणे, गोड बोलणारे. केतकी यंत्राशेजारी. गावचे शे-सव्वाशे लोक सतरंज्यांवर.

बांध हवा म्हणणारे बोलले, नको म्हणणारे बोलले. म्झेंची सून उठून म्हणाली, "माझं पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेत गेलं. किडे अंडी पाठीवर वाहतात म्हणता. मला कुणी वाहून नेलं नाही."  मी मान खाली घातली. तिच्यापुढे उत्तर नव्हतं, आणि नसलेलं उत्तर आणून ठेवायची सवय मला सोडायची होती.

मग माझं नाव पुकारलं गेलं. यादी पुढे आली, सहीची जागा खुणेने दाखवली.

माझा आवाज मुळातच बारीक. शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलं ओरडायची, "मॅडम, ऐकू येत नाही!" त्या दिवशी ध्वनिक्षेपक पुढे सरकवला तर मी तो बाजूला ठेवला. माणसं पुढे झुकली.

"मी सही करणार नाही," मी स्वाहिलीत म्हटलं. माझी स्वाहिली मोडकी आहे, पण एवढी वाक्यं मी दोन दिवस घोकली होती. "चौतिसावं नाव चुकीचं आहे. ती चूक यंत्राची नाही, माझी आहे. २०११ साली मी इथला एकही नर तपासला नाही. तपासला असं लिहिलं. ते खोटं होतं. ती ओळख मी आज सर्वांसमोर मागे घेते."

कुजबुज उठली. किमारोबाईंनी पेन खाली ठेवलं. मासावे सावकाश उभे राहिले.

"बीबी," ते म्हणाले. इकडे आजीबाईंना आदराने असंच म्हणतात. "मागे घेता म्हणजे, ही नवी जात आहे असा तुमचा दावा?"

"तीन जिवंत नर पाहिले. मला तसं वाटतं."

"नमुना?"

"आणलेला नाही."

"का बरं?"

"माझा नेम आहे. हे चार महिने मी जीव मारत नाही." तीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते असं सहज निघून गेलं. कुणी हसलं नाही. पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने, रमजान पाळणारा असावा, समजून मान हलवली.

"म्हणजे नमुना नाही, नाव नाही," मासावे किमारोबाईंकडे वळले. "फक्त तीस वर्षांपूर्वीची एक आठवण. बीबींचा मला आदर आहे. माझी आजीही याच वयाची. ती सकाळी काय जेवली ते दुपारी विसरते. मॅडम, इथे बीबींच्या घरचं माणूस हजर आहे, त्यांनी वाढवलेली भाची. ती स्वतः हे यंत्र बनवणारी. तिलाच विचारू या. बीबींना हल्ली विसरायला होतं का?"

सगळ्या माना केतकीकडे वळल्या.

मला त्या क्षणी समजलं की हा प्रश्न आयत्या वेळचा नाही. मी सही नाकारणार हे तिच्याकडूनच कळलं असावं, त्यावर कुणीतरी तिला हे आधी विचारून ठेवलं होतं, आणि तिने ठाम 'नाही' म्हटलेलं नव्हतं. नुसतं 'हो, थोडं होतं' एवढं पुरे होतं. माझी साक्ष म्हाताऱ्या बाईची बडबड ठरली असती. मोजपट्टी वाचली असती, एक्केचाळीस दाखले वाचले असते, आणि मलाही कुणी खोटारडी म्हटलं नसतं. फक्त कीव केली असती.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते मागणं झालं असतं.

केतकी उभी राहिली. 

"मावशी काहीही विसरत नाही," ती म्हणाली. "घरात सगळ्यांना तिचा तोच तर त्रास आहे."

कुणीतरी हसलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

"तिसरा रकाना, सतरावी ओळ," ती पुढे म्हणाली. "काल पुण्याहून फोटो मागवला. दोन रेघा आहेत. यंत्राने त्यांना 'हो' असं वाचलं. मी वाचायला लावलं. यंत्र त्या कुळाबाबत भरवशाचं नाही. इथेही नाही आणि बाकीच्या एक्केचाळीस जागीही नाही."

मग ती खाली बसली, यंत्राचं झाकण लावलं आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिली.

मासावेंचा गोडवा सरला. "मॅडम, नमुन्याशिवाय हे सगळं हवेत आहे. कायदा स्पष्ट म्हणतो, नमुना दाखवा."

"दाखवते," मी म्हटलं. "नमुना पाण्यात आहे. इथून सातशे पावलं. या बघायला."

"सुनावणी इथे आहे, बीबी. पाण्यात नाही."

"पाणी इथे आणता येत नाही, साहेब. तुम्हाला तिथे नेता येतं."

 किमारोबाईंनी चष्मा पुसला, परत घातला, आणि टेबलाखाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

*

अख्खं पटांगण उठून निघालं. वाटेत केतकी माझ्या शेजारी आली. 

"चाळीस माणसं आहेत माझ्याकडे कामाला," ती म्हणाली. "उद्या त्यांना काय सांगू?"

"मी सांगेन. एकेकाला सांगेन."

"मला तुझा राग आलाय, मावशी. जाणार नाही इतक्यात."

"येऊ दे. राहू दे."

"आणि मला आधी बोलली असतीस ना, दहा वर्षांपूर्वी..."

"हो," मी म्हटलं. "तेव्हा बोलायला हवं होतं."

ती काठावर थांबली, आत आली नाही. पाठ करून उभी राहिली. मी साडीचा ओचा खोचला आणि उतरले. किमारोबाई माझ्यापुढे होत्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात फळीला लावलेला सरकारी टॅब. मासावे काठावरून त्यांना सांगत होते की हे नियमाला धरून नाही. किमारोबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"हळू या, मॅडम," म्झे सालेहे दबक्या आवाजात म्हणाले. "बाप कामावर आहे."

गवताच्या पात्यावर तो बसला होता. सगळे थांबले. शंभर माणसांत एवढी शांतता मी देवळातही पाहिलेली नाही. मग तो आपल्या सवडीने उलटा फिरला, आणि किमारोबाईंच्या तोंडून 'अरे' की काय ते निघालं, त्यांच्या भाषेतलं.

त्यांनी बराच वेळ पाहून घेतलं. मग टॅब उघडला, चौतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि किड्याचं आणि माझं, दोन्ही नावं खोडली. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"नाव द्या म्हणतोय," त्या म्हणाल्या. "याचं नाव काय लिहू?"

"नाव अजून नाही. नीट पाहायला एक वर्ष लागेल, कदाचित दोन. तोवर रिकामं ठेवा."

"रिकामं घेत नाही हा. पुढे सरकत नाही. जवळपासचं काहीतरी सांगा, नंतर बदलू."

"नाही," मी म्हटलं. पाणी गार होतं, माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, काठापर्यंत गेला असावा, कारण केतकी वळली. "जवळपासचं काही सांगणार नाही. सरकत नसेल तर सरकवू नका. मी थांबते इथे."

किमारोबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्या किड्याकडे पाहिलं. मग टॅब बंद करून काखेत धरला आणि काठाकडे हात करून ओरडल्या,

"कुणीतरी कागद आणा रे! आणि पेन!"